अनोळखी माणसाचा फोटो: काढणं वेगळं, प्रसिद्ध करणं वेगळं

रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाचा फोटो काढायला अमेरिकेसारख्या देशात सहसा परवानगी लागत नाही. पण तो प्रसिद्ध करताना नियम बदलतात, आणि देशागणिक बदलतात. म्हणून परक्या देशात कॅमेरा बाहेर काढण्याआधी तिथला कायदा वाचा. जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार ओळखू येणारा चेहरा प्रसिद्ध करायला त्या व्यक्तीची संमती लागते. मिरवणुकीतली किंवा दृश्यात ओघाने आलेली माणसं याला अपवाद. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो तिला न विचारता मासिकात छापला गेला होता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची भरपाई कायम ठेवली. फोटोत आक्षेपार्ह काहीच नव्हतं, तरीही!

जाहिरातीत वापरायचा असेल तर लेखी संमतीच घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका.

कायदा मोकळीक देत असला तरी मला वाटतं, कुणी हाताने नको म्हटलं की कॅमेरा खाली घ्यावा. काढून झाला असेल तर फोटो त्यांना दाखवा, पुसायला सांगितला तर त्यांच्यासमोर पुसा. जखमी, रडणारी, उघड्यावर झोपलेली माणसं टिपूच नका. लहान मुलांच्या बाबतीत आधी पालकांना विचारा.