ओढायची कॅराव्हॅन सोडून जुने मोटरहोम घेताना

ओढायची कॅराव्हॅन, म्हणजे जीपमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर, काही वर्षे वापरलेले कुटुंब जुने मोटरहोम, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारे घर, पाहायला जाते, तेव्हा ते सवयीने बाजूचे दार उघडून सरळ आत शिरते, गाद्या दाबून पाहते, ओट्याखालची कपाटे उघडते आणि खाली उतरेपर्यंत मनातल्या मनात सौदा करून मोकळे झालेले असते. आमचेही पहिल्या गाडीच्या वेळी तसेच झाले होते. कॅराव्हॅनला इंजिन नव्हते, तिला ओढणारी जीप आमची आम्हाला पाठ होती, त्यामुळे आतले घर चांगले म्हणजे वस्तू चांगली, हे गणित तिथे चालून गेले. मोटरहोममध्ये ते उलटे करावे लागते. पडदे, गाद्या, गळका नळ ही कामे बेळगावातला कोणताही सुतार किंवा प्लंबर करून देईल. थकलेले इंजिन आणि गंजलेली चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) मात्र सगळा हिशेब बिघडवते. म्हणून पहिली फेरी गाडीभोवती, दुसरी गाडीखाली, आणि दार त्यानंतर उघडावे.

शोधाला लागण्यापूर्वी शब्दांचा घोळ निस्तरलेला बरा. आपल्याकडे ओढायच्या गाडीलाही कॅराव्हॅन म्हणतात आणि स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाडीलाही. त्यातच गॅरेजमध्ये आतून बदललेली प्रवासी टेम्पो ट्रॅव्हलर आणि चित्रीकरणाच्या कामातून निवृत्त झालेली व्हॅनिटी व्हॅनही याच नावाने विकायला येते. या साऱ्यांतला फरक आरसीवर दिसतो. वाहनवर्गाच्या रकान्यात मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन अशी नोंद असेल तर ठीक. तिथे ओम्नी बस किंवा मॅक्सी कॅब असेल आणि आत मात्र पलंग व ओटा असेल, तर तो बदल नोंदवलेला नाही असे समजावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा परस्पर बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला एवढे कारण पुरते. ‘ते नंतर करून घेता येते’ असे विकणारा म्हणाला, तर ‘मग तुम्हीच करून द्या, आम्ही थांबतो’ असे शांतपणे सांगावे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार बांधलेल्या गाडीची कागदपत्रे विकणाऱ्याकडे असली, तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

सीमाभागातल्या माणसाला कागदांचा दुसरा पेच असतो. बेळगावहून कोल्हापूर आणि गोवा जवळ, बंगळूर लांब. तेव्हा पाहायला मिळणारी गाडी बहुधा एमएच-०९ नाही तर गोव्याची असते. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायच्या गाडीला कलम ४७ प्रमाणे तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला (नमुना २८), हस्तांतराचे नमुने २९ आणि ३०, आणि कर्ज फिटले असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५, एवढे हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ‘कोल्हापूरला मामा आहेत, त्यांच्याच पत्त्यावर राहू दे’ हा सल्ला प्रत्येक घरात कोणीतरी देतोच. मामांचा पत्ता वापरला की विमा, दंड आणि उद्याची विक्री, सगळे मामांच्या नावावर अडकते. कर्नाटकात किती कर भरावा लागेल, हे बेळगाव (केए-२२) किंवा चिक्कोडी (केए-२३) कार्यालयात आरसीची प्रत दाखवून आधी विचारावे आणि मगच विसार द्यावा.

आकाराच्या बाबतीत कॅराव्हॅनवाल्यांचा अंदाज हमखास चुकतो. मुक्कामावर कॅराव्हॅन सोडून जीप घेऊन बाजारात जाता येत होते. आता कोथिंबिरीची जुडी आणायलाही अख्खे घर खडेबाजारात न्यावे लागणार. म्हणून जास्तीत जास्त पलंगांची गाडी न घेता, घरातल्या माणसांना पुरेल अशी सर्वांत लहान गाडी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. चोर्ला घाटाच्या वळणांवर समोरून बस आली की कॅराव्हॅन मागे घेणे म्हणजे दिव्य असे, तेवढा त्रास मोटरहोमने नक्की वाचतो. पण लांब चासीचे मागचे टोक वळताना बाहेर फेकले जाते, ही सवय नव्याने करावी लागते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असलेली जड गाडी चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत ओल्या काळ्या रानात उभी केली, तर बैलगाड्या निघून जातात आणि आपण ट्रॅक्टरची वाट पाहत बसतो. एसीसकट छताची उंची टेपने मोजून काचेवर चिकटवावी. रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यांशी तिचाच संबंध येतो.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करू नये असे निरोपात सांगून ठेवावे. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर थंड इंजिन सुरू होताना काय करते हे आपल्यापासून लपवले गेले आहे. सुरू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे, आणि ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर असला तर आत पाणी शिरत असावे. किलोमीटर कमी दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. मोटरहोम वर्षातले दहा महिने उभे असते आणि उभ्या गाडीचे ब्रेक धरतात, रबरी पाइप कडक होतात, टायर एका जागी बसतात. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ‘३२१८’ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी असा टायर बदलायचाच आहे, असे धरून किंमत ठरवावी. गोव्याची गाडी असेल तर खारी हवा तिच्या पोटाखाली काम करून गेलेली असते. मेकॅनिकला घेऊन चासीच्या पट्ट्या, पाटे आणि मागच्या चाकांवरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवून पाहावा. नंतर गाडी वंटमुरी किंवा तवंदी घाटात न्यावी. चढणीवर क्लच घसरतो का, तापमानाचा काटा वर सरकतो का, आणि उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतात का, हे घाट अर्ध्या तासात सांगतो.

ओल मात्र कॅराव्हॅनवाल्यांच्या परिचयाची. खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी छपराखाली झोपून ऐकला आहे, त्यांना खिडकीचे कोपरे, छतावरच्या झरोक्याची चौकट आणि एसीसाठी कापलेली भोके दाखवावी लागत नाहीत. आम्ही पाहिलेल्या एका गाडीत नवीकोरी गादी उचलून मागचा कोपरा अंगठ्याने दाबला, तर वरचा सनमायका तसाच राहिला आणि आतला प्लाय ओल्या बिस्किटासारखा खचला. पावसाळा नसेल तर पाण्याच्या पाइपने छत पंधरा मिनिटे भिजवून आत टॉर्च घेऊन बसावे.

वजनाकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात उसामुळे वजनकाट्यांना तोटा नाही; रिकामी गाडी तिथे चढवावी आणि तो आकडा आरसीवरच्या कमाल वजनातून वजा करावा. समजा ४५० किलो उरले. पाच माणसांचे ३००, शंभर लिटर पाण्याचे १००, आणि गॅस, भांडी, कपडे, छत्र्या या सगळ्यांना मिळून पन्नास. इतकी तंगी असेल तर ती गाडी सोडावी.

झोपायच्या जागा आणि बसायच्या जागा वेगवेगळ्या मोजाव्यात. सहा जण झोपतात म्हणून सहा जण प्रवास करू शकतात असे नाही. पट्टा असलेल्या, पुढे तोंड करून बसायच्या जागा घरातल्या माणसांइतक्या हव्यात. कॅराव्हॅन ओढताना मुले जीपमध्ये पट्टा लावून बसत. इथे ती चालत्या गाडीत पलंगावर लोळायला पाहतात. आजींना पायरी चढता येते का, हे आजींनाच नेऊन पाहावे.

गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. ती कोणी थंडी वाजते म्हणून बुजवली आहे का ते पाहावे, आणि नळीवरची तारीख वाचावी. विजेचा हिशेब साधा आहे. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास वीज, आणि टनभर क्षमतेचा एसी तासाला साधारण युनिटभर खातो. ‘रात्रभर एसी चालतो’ असे कोणी म्हटले तर बॅटऱ्या मोजाव्यात.

सर्व पसंत पडल्यावर, शेवटचा हप्ता देण्याआधी एक रात्र गाडी आपल्या अंगणात मागून घ्यावी आणि सर्वांनी तीत झोपावे. आमच्या गाडीत त्या रात्री नळ बंद असताना पाण्याचा पंप दर दहा मिनिटांनी दोन सेकंद घुरघुरत होता. याचा अर्थ कुठेतरी पाणी झिरपत होते. पहाटे टॉर्च लावून शोधले तर ओट्यामागचा एक जोड थेंबथेंब गळत होता आणि त्याखालची फळी फुगायला लागली होती. विकणाऱ्याने जोड आणि फळी बदलून दिली, दुसऱ्या रात्री पंप गप्प राहिला, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही उरलेली रक्कम दिली. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस असतात. तो अर्ज आम्ही त्याच दुपारी भरला.