मल्टिकुकर तापत नाही तेव्हा: नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

नोकरीसाठी ऐरोली-महापे पट्ट्यात येणारी मंडळी बहुधा घणसोली किंवा कोपरखैरण्याला भाड्याची खोली घेतात, आणि गॅसची सोय होईपर्यंत विजेचा मल्टिकुकर हीच त्यांची चूल असते. सोळा वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून आलो तेव्हा माझेही जेवण त्याच्यावरच शिजत असे. एखाद्या रात्री दिवा लागूनही भांडे थंडच राहिले, तर कुकर काखेत मारून दुरुस्तीच्या दुकानाकडे निघू नये, कारण दोष पुष्कळदा कुकरच्या बाहेरच असतो.

आधी सॉकेट पाहावे. 230 व्होल्टवर 1000 वॅटचा कुकर साडेचार अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. 6 अँपिअरच्या सॉकेटला एवढा भार झेपतो खरा, पण भाडेकरू बदलून बदलून सैल झालेल्या सॉकेटला किंवा रस्त्यावरून घेतलेल्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डाला तो झेपेलच असे नाही. प्लग हाताला गरम लागत असेल किंवा पिनांवर काळपट डाग दिसत असेल, तर ते सॉकेट वापरणे बंद करून घरमालकाकडून बदलून घ्यावे. अशी खूण नसली, तरी तेथे मोबाइलचा चार्जर लावून ‘वीज येते आहे’ असा निष्कर्ष काढू नये. चार्जरला अगदी थोडी वीज पुरते, त्यामुळे सैल जोडणी त्यातून कळत नाही. इस्त्री लावून पाहावी. वायर कुकरपासून सुटी होणारी असेल, तर तिचे कुकरकडचे टोक पूर्ण आत गेले आहे ना, हेही पाहावे. (माझ्या खोलीतल्या सोबत्याने याच एका कारणासाठी दोन दिवस वडापाववर काढले होते.)

कुकर तापतो पण भात होत नाही, अशी तक्रार असेल तर विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असू शकतो. 180 व्होल्टवर 1000 वॅटचा कुकर जेमतेम 610 वॅटचे काम करतो. ‘उशिरा सुरू’ करण्याचा टायमर चुकून लागला असला तरीही दिवे लागतात आणि ठरलेली वेळ येईपर्यंत भांड्याखालची तापणारी तवी थंड राहते.

यानंतर प्लग काढून, कुकर निवल्यावर, आतले भांडे उचलावे. तवीच्या मध्यभागी स्प्रिंगवर बसवलेली एक बटणासारखी चकती असते आणि भांड्याच्या बुडाला टेकून ती उष्णता ओळखते. बोटाने दाबल्यावर ती खाली जाऊन आपोआप वर आली पाहिजे. माझ्या कुकरमध्ये एकदा तिच्या कडेला तांदळाचा एकच दाणा वाळून दगडासारखा बसला होता. भांडे एका बाजूने केसभर उचललेले राहत होते आणि कुकर तेवढ्याने रुसला होता. दाणा काडीने काढून तवी कोरड्या फडक्याने पुसली, एवढीच ती दुरुस्ती. धुतलेले भांडे बाहेरून पुसल्याशिवाय आत ठेवू नये, विशेषतः पावसाळ्यात, कारण ओल आत उतरली की विजेची गळती होऊन घराचा मुख्य स्विच पडू शकतो. स्विच पुन्हा पुन्हा पडत असेल तर प्रयोग तेथेच थांबवावेत आणि तिसरी (अर्थिंगची) पिन कापून ‘तोडगा’ काढण्याच्या फंदात मुळीच पडू नये.

एवढे करूनही तवी थंडच राहिली, तर आतला थर्मल फ्यूज (कुकर फार तापल्यास वीज तोडणारा भाग) उडाला असण्याची शक्यता मोठी. पाणी न घालता कुकर चालू राहिला की तो उडतो आणि परत जोडला जात नाही, बदलावाच लागतो. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला 120 व्होल्टचा कुकर येथे थेट लावला, तर तो जवळपास पावणेचारपट शक्ती ओढतो आणि काही क्षणांतच कायमचा निकामी होऊ शकतो.

वॉरंटी शिल्लक असल्यास बिल घेऊन सेवा केंद्रातच जावे. बाहेर दुरुस्तीला दिल्यास तेवढ्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज समोर बसवून घ्यावा. फ्यूजच्या जागी नुसती तार जोडून ‘चालू करून देतो’ म्हणणाऱ्याकडून कुकर परत घ्यावा. त्याच वेळी तवीला तापवणारी कॉइलही मल्टिमीटरने तपासायला सांगावी: 1000 वॅटच्या कॉइलला सुमारे 53 ओहम, 700 वॅटच्या कॉइलला सुमारे 75 ओहम दिसले पाहिजेत, आणि मीटरने जोडणीच दाखवली नाही तर कॉइल तुटली आहे.