कॅरमच्या सोंगट्यांवर मॅक्सवेलचं भूत कसं खेळायचं

मे महिन्यात जळगाव-भुसावळला दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, पोरं घरातच कॅरम घेऊन बसलेली असतात, तर त्याच बोर्डावर हे करून बघा भो. अकरावी-बारावीवाल्यांना उष्मागतिकीचा दुसरा नियम (उष्णता आपोआप गारकडून गरमकडे जात नाही) पाठ असतो, पण तो मोडायला निघालेलं भूत कुठे अडकतं ते बहुतेकांना माहीत नसतं.

आधी गोष्ट सांगा. हवेच्या डब्यात मधोमध भिंत, भिंतीत बारीक दार, दारावर भूत. वेगवान रेणू आला की उजवीकडे सोडायचा, हळू आला की डावीकडे. एक बाजू तापते, दुसरी गार होते आणि वीज लागतच नाही, म्हणजे फुकटचा एसी! भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने हे १८६७ मध्ये त्याचा शास्त्रज्ञ मित्र टेटला पत्रात लिहिलं, भूत हे नाव नंतर केल्विन या शास्त्रज्ञाने दिलं.

आता ९ पांढऱ्या, ९ काळ्या सोंगट्या घ्या. राणी डब्यातच ठेवा, नाहीतर भांडणं होतात. पांढरी म्हणजे वेगवान, काळी म्हणजे हळू. बोर्डाच्या मधोमध दोन पट्ट्या वरून खाली एका रेषेत ठेवा, म्हणजे डावी-उजवी बाजू होईल, मध्ये एक सोंगटी जाईल एवढी फट.

पहिला डाव भुताशिवाय. प्रत्येक सोंगटीसाठी नाणं उडवा, छापा आला तर उजवीकडे, काटा आला तर डावीकडे. सगळ्या पांढऱ्या उजवीकडे आणि सगळ्या काळ्या डावीकडे असं आपोआप व्हायची शक्यता २,६२,१४४ मध्ये १, आणि खऱ्या डब्यात रेणू किती असतात याचा विचार करा. दुसरा नियम एवढाच आहे, बंदी नाही, शक्यता नगण्य.

दुसऱ्या डावात एक जण भूत. दुसऱ्याने डोळे मिटून कुठलीही सोंगटी फटीपाशी आणायची, भुताने आधी पाटीवर पां किंवा का लिहायचं, मगच सोडायची किंवा परत पाठवायची. पाटीवर चौकोन फक्त ८. इथे घाई करू नका, सगळा जीव पाटीत आहे. चौकोन भरले की पुसावं लागणार, आणि एक चौकोन पुसला की वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकायचा. तो दाणा म्हणजे बाहेर गेलेली उष्णता. लांडाउअर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवलं की एक बिट (हो की नाही एवढी माहिती, म्हणजे आपला एक चौकोन) पुसायला किमान ठरावीक उष्णता बाहेर पडतेच, आपल्या ४५ डिग्रीत ती साधारण ३ गुणिले १० चा उणे २१वा घात ज्यूल. बेनेट या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये हेच भुताला लावलं: बघणं तत्त्वतः फुकटात जमू शकतं, विसरणं नाही. २०१२ मध्ये लेझरने पकडलेल्या बारीक मण्यावर मोजूनही पाहिलं, आकडा जुळला.

१८ सोंगट्या लावून शिस्त मिळते जास्तीत जास्त १८ बिटांची. परत पाठवलेल्या सोंगट्या पुन्हा पुन्हा फटीपाशी येतात, प्रत्येक वेळी नवा चौकोन जातो, त्यामुळे शेवटी पाटी कोरी करून वाटी मोजाल तर दाणे बहुतेक वेळा १८ च्या वरच निघतात.

एखादं हुशार पोरगं विचारणारच की पाटीच मोठी घेतली तर, पुसायचंच नाही. घेऊ द्या की. मग डब्यातला गोंधळ तेवढा पाटीवर येऊन बसतो, एन्ट्रॉपीच्या, म्हणजे गोंधळाच्या मापाच्या, हिशेबात पाटीही धरायची असते, आणि भुताला पुन्हा पहिल्यासारखं कामाला लावायचं तर ती कोरी करावीच लागते.