सार्वजनिक वाटेवरून आणि वस्तीतून घोडा कसा न्यावा

मांड पक्की आहे, खोगीर नीट कसलेले आहे आणि घोडा तुमचे ऐकतो, हे येथे गृहीत धरले आहे. जो घोडा सायकल, छत्री किंवा बाबागाडी पाहून बुजतो, त्याची भीड सार्वजनिक वाटेवर मोडू नये. ते काम कुंपणाच्या आतील मैदानात करावे. लाथ मारण्याची खोड असलेल्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधण्याची रीत आहे. ती जरूर बांधावी, परंतु तिचा अर्थ घोडेस्वारांनाच कळतो, पायी चालणाऱ्याला नाही, म्हणून त्याला तोंडाने सांगणे टळत नाही.

वाट मोकळी आणि दूरवर दिसणारी असेल तर दुडकी चालावी. वळण आले किंवा माणूस दिसला की साध्या चालीवर यावे.

खरी कसोटी लागते ती अरुंद वाटेवर कोणी समोरून, आणि त्याहून अवघड म्हणजे मागून, येते तेव्हा. ‘शांत राहा, घोडा बाजूला घ्या आणि जाऊ द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे, आणि माझ्या मते घातकही आहे, कारण बाजूला घेतलेल्या घोड्याचे तोंड कोणीकडे असावे हे त्यात कधीच सांगितलेले नसते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला सुमारे 350 अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही ती थेट पाठीमागची पट्टी आणि कपाळासमोरची अगदी जवळची जागा. शिकारी जनावरांपासून पळून जगलेला हा प्राणी न दिसणाऱ्या हालचालीला आधी लाथेने किंवा पळण्याने उत्तर देतो.

सुरुवातीच्या काळात मीही हाच सल्ला पाळत असे. एकदा मागून सायकल येताना ऐकली, घोडा कडेला घेतला आणि झाडीकडे तोंड करून उभा केला. सायकलस्वार भला माणूस होता. घोडा बिचकू नये म्हणून तो मुद्दाम हळू आणि अगदी निःशब्द, घोड्याच्या थेट पाठीमागून जाऊ लागला. त्याच वेळी मी लगाम आवळला. पुढे झाडी आणि तोंडात ओढ, अशा कोंडीत घोडा मागे सरकला आणि त्याने दुगाणी झाडली. ती सायकलच्या मागच्या चाकाला लागली; वीतभर पुढे लागली असती तर त्या माणसाचा पाय मोडला असता. चूक सर्वस्वी माझी होती, कारण काय करायचे हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून मी क्रम बदलला आहे. माणूस 20–30 मीटरवर असतानाच हात वर करून स्पष्ट आवाजात म्हणावे, “नमस्कार, जरा थांबता का? घोडा वळवून घेतो, मग माझ्याशी बोलत बोलत पुढे या.” त्यानंतर घोड्याचे तोंड वाटेकडे आणि पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, झाडीकडे करावा, लगाम सैल सोडावा आणि त्या माणसाशी बोलणे चालू ठेवावे. हे बोलणे केवळ औपचारिकता नव्हे. हेल्मेट घातलेली, पाठीवर मोठी पिशवी असलेली आकृती चाकांवरून मुकाट्याने सरकत आली तर घोड्याला ती माणूस वाटेलच असे नाही; आवाज ऐकला की ओळख पटते. वाट डोंगराच्या कडेने जात असेल तर थांबणाऱ्याला उताराच्या बाजूला सुरक्षित जागी उभे राहण्याची विनंती करावी, कारण बुजलेला घोडा बहुधा चढाकडे धावतो आणि डोक्यावरच्या उंचीवर उभा असलेला माणूस त्याला अधिक भयावह वाटतो. अनेक ठिकाणी पादचारी आणि सायकलस्वार या दोघांनीही घोड्याला वाट द्यावी असा नियम असतो. तरीही तो नियम खोगिरावरून कोणाला ऐकवू नये. तुमच्याकडे रुंद जागा असेल तर तुम्हीच थांबावे.

मोकळा कुत्रा धावून आल्यास घोडा त्याच्याकडे वळवून उभा करावा, पळवू नये; पळाल्यास पाठलाग ठरलेलाच. मालकाला न रागावता पट्टा लावण्यास सांगावे.

पावसानंतर चिखलाची वाट टाळावी, कारण टापांचे खड्डे वाळून दगडासारखे होतात आणि चालणाऱ्यांचे पाय मुरगळतात.

वस्तीत डांबरी रस्त्यावर साध्या चालीनेच जावे, कारण गुळगुळीत डांबरावर नाल घसरते. पदपथ आणि कोणाच्या अंगणापुढची हिरवळ वर्ज्य समजावी. मूल घोड्याला हात लावू पाहत असेल तर आधी घोडा स्थिर करावा आणि मुलाला खांद्याच्या बाजूने येऊ द्यावे, नाकासमोरून नव्हे.

राहिला लिदीचा प्रश्न. ‘गवताचेच तर खत आहे’ हे घोडेवाल्यांचे उत्तर मला मुळीच मान्य नाही. ज्याच्या फाटकासमोर ती पडली त्याने ते खत मागितलेले नसते. घोडा दिवसातून साधारण 8 ते 12 वेळा लीद टाकतो, म्हणजे दोन तासांच्या फेरीत एकदा तरी ती पडणार हे धरूनच निघावे. भर रस्त्यात पायउतार होणे सुरक्षित नसेल तर जागा लक्षात ठेवावी, घोडा तबेल्यात बांधावा आणि अंधार पडण्यापूर्वी फावडे व पोते घेऊन तेथे परत जावे.