आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप: या चुका टाळा

मी आयटीआयत फिटर ट्रेड शिकवतो. निकाल लागला की पोरांना घाई होते आणि वर्षभराने तीच पोरं रडवेल्या चेहऱ्याने परत येतात.

सगळ्यात महागात पडते ती करार न बघता कामाला लागण्याची चूक. माझा एक हुशार विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात ‘अप्रेंटिस’ म्हणून लागला. वर्षभर मान मोडून राबला. अप्रेंटिसशिपच्या परीक्षेचा फॉर्म भरायला आला तेव्हा करार नोंदवायच्या सरकारी पोर्टलवर त्याचं नावच सापडेना. गळ्यातलं ओळखपत्र उलटून पाहिलं, तर मागे ठेकेदाराचा शिक्का. ठेकेदाराच्या मस्टरवर तो हेल्पर होता. वर्ष वाया गेलं, राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्रही हुकलं. तो माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

१९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. कंपनी तुमच्यावर उपकार करत नाही, तेव्हा करार नोंदणी क्रमांक बिनधास्त मागा. माझ्या पोरांनी रुजू झाल्यावर आठवड्याच्या आत तो मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. नाही आला तर मीच एचआरला फोन लावतो.

दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून अप्रेंटिसशिप अर्धवट सोडू नका. घरची निकड असेल तर मी एक शब्द बोलत नाही, पण नव्या मोबाइलच्या हप्त्यासाठी सोडणाऱ्यांचा मला राग येतो. रेल्वेच्या लेव्हल-१ (सर्वात खालच्या पातळीच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात.

आधार आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आधीच जुळवून घ्या.

बँक खातं आधारशी जोडा, विद्यावेतनातला सरकारी वाटा थेट खात्यात येतो.

सायबर कॅफेतला तयार बायोडेटा नको. वर्कशॉपमध्ये कोणता जॉब (घडवायचा भाग) केला, किती टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकात) बसवला, ते स्वतः लिहा.

आणि मुलाखतीत व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं जबड्यांचं साधन) हातात दिला की लगेच जॉब पकडू नका. आधी जबडे पुसा, मिटवा, शून्याला शून्य जुळतं का बघा. लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वात लहान माप) ०.०२ मिमी पाठ असलेली पोरं झिरो एररला, म्हणजे जबडे मिटवूनही शून्य न जुळण्याला, हमखास अडकतात. समोरचा सुपरवायझर आकड्याआधी तुमचा हात बघत असतो. म्हणून माझ्या वर्कशॉपमध्ये जबडे न मिटवता घेतलेलं माप मी वहीत लिहूच देत नाही.