‘ड्यू’ हा शब्द कसा वाचावा: बिलात, विम्यात, कर्जाच्या पत्रात

पत्रात ‘ड्यू’ दिसला की अनेकांना पैसे थकले असं वाटतं. आधी पूर्ण शब्द वाचा. नुसतं ‘ड्यू’ म्हणजे देय, अजून द्यायचं आहे ते. मुदत टळली असेल, तर ‘ओव्हरड्यू’ किंवा ‘पास्ट ड्यू’ लिहिलेलं असतं. हे दोन शब्द दिसले, तरच घाई करा.

मग ‘ड्यू’च्या शेजारी काय आहे ते बघा. सगळ्यात जास्त फटका क्रेडिट कार्डाच्या बिलात बसतो. तिथे दोन आकडे असतात. ‘टोटल अमाउंट ड्यू’ म्हणजे पूर्ण देणं. ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ भरलं की उशिराचा दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. छोटा आकडा मोह घालतो. भरायचा मात्र मोठाच, अगदीच अडचण असेल तेवढा महिना सोडून.

आयुर्विम्याच्या नोटिशीत ‘प्रीमियम ड्यू’ची तारीख असते. ती चुकली म्हणून पॉलिसी लगेच बंद पडत नाही. मासिक हप्त्याला साधारण १५ दिवसांची, तिमाही, सहामाही आणि वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते.

कर्ज फिटलं की ‘नो ड्यूज सर्टिफिकेट’ लेखी मागून घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका. घराची मूळ कागदपत्रंही मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत ती मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिनेच द्यायची असते. हा हक्क माहीत नसल्याने लोक महिनोन्‌महिने खेटे घालतात, याचं वाईट वाटतं.

गरोदरपणातली ‘ड्यू डेट’ म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजून काढलेली. नेमक्या त्याच दिवशी फार थोडी बाळं जन्मतात. म्हणून बॅग आधीच भरून ठेवा.

‘ड्यू टू’ म्हणजे ‘मुळे’. तिथे पैशांचा संबंध नसतो. आणि कार्यालयाच्या उत्तरात ‘इन ड्यू कोर्स’ म्हणजे ‘यथावकाश’ असेल, तर काम कोणत्या तारखेपर्यंत होईल, हे लेखी विचारा.