विमान परत करण्याचे कलम : नवउद्योजकांसाठी एक अनुभव

व्हर्जिन हा उद्योगसमूह उभारणारे ब्रिटिश उद्योजक रिचर्ड ब्रॅन्सन यांच्याविषयी सर्वांना जे माहीत असते तेवढेच मलाही माहीत होते : सोळाव्या वर्षी शाळा सोडली, मासिक काढले, टपालाने गाण्यांच्या तबकड्या विकल्या आणि १९८७ मध्ये पेर लिंडस्ट्रँड यांच्यासह गरम हवेच्या बलूनमधून अटलांटिक महासागर ओलांडला. नोकरी सोडून मी पुण्यात लाकडी घाण्याच्या तेलाचे दुकान टाकले, तेव्हा हेच धाडस माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यांनी विमानासाठी केलेल्या कराराविषयी मी वाचले ते दुकान बंद झाल्यावर.

१९८४ मध्ये रँडॉल्फ फील्ड्स या वकिलाने अटलांटिकपार विमानसेवेची कल्पना मांडली, तेव्हा ब्रॅन्सन यांना त्या व्यवसायाचा काहीही अनुभव नव्हता. त्यांनी बोईंगकडून एकच वापरलेले ७४७ विमान भाड्याने घेतले आणि जम बसला नाही तर वर्षभराने ते परत करण्याची मुभा मिळवली. चाचणी उड्डाणात पक्षी शिरून इंजिन निकामी झाले आणि विम्याचे संरक्षण नसल्याने तो खर्च अंगावर पडला. तरीही २२ जून १९८४ रोजी गॅटविकहून न्यूअर्ककडे पहिले विमान निघाले. सगळे फसले असते, तरी ते विमान त्यांच्या गळ्यात पडणार नव्हते.

माझ्या गळ्यात मात्र दुकान पडले. लिव्ह अँड लायसन्सचा करार करताना मी भाडे पाहिले, अनामत पाहिली, विजेचा भार पुरेसा आहे की नाही तेही पाहिले. तिसऱ्या पानावर छत्तीस महिन्यांच्या लॉक-इनचे कलम होते, ते वाचूनही मला उमगले नाही. मला वाटले, छत्तीस महिने जागा आपलीच राहील याची ही हमी आहे. प्रत्यक्षात अर्थ असा होता की, छत्तीस महिन्यांपूर्वी मी जागा सोडली तर उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे मला द्यावे लागेल. मालकांना मात्र दोन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवण्याची मोकळीक होती. अकराव्या महिन्यात करडईच्या पेंडीची पोती तशीच ठेवून मी शटर ओढले, त्या दिवशी दरमहा २२ हजारांप्रमाणे पंचवीस महिन्यांचे साडेपाच लाख रुपये माझ्या नावावर उभे होते. अखेरीस अनामतीवर पाणी सोडून आणि सहा महिन्यांचे भाडे भरून तडजोड झाली. त्यासाठी बाबांनी मुदतठेव मोडली, हे आजही मला सलते.

म्हणून लॉक-इनचे कलम तीनदा वाचा. बंधन दोघांवर आहे की फक्त तुमच्यावर, ते किती महिन्यांचे आहे, आणि मोडल्यास नेमकी किती रक्कम द्यायची, ही तीन उत्तरे कागदावर दिसल्याशिवाय सही करू नका. यंत्र घेतानाही विक्रेता ते परत घेईल का आणि किती किमतीला, हे लेखी मागा. एजंट म्हणेल, ‘सगळीकडे असंच असतं.’ सगळीकडे तसे नसते.

आडवाटांबद्दलही स्पष्टच लिहिते. १९७१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, निर्यातीसाठीच्या तबकड्या देशातच विकून खरेदीकर चुकवल्याबद्दल ब्रॅन्सन यांना अटक झाली, एक रात्र कोठडीत काढावी लागली आणि जामिनासाठी आईला राहते घर तारण ठेवावे लागले. बिनबिलाचा माल घेण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. कराची पळवाट दाखवणाऱ्या माणसाला मी मार्गदर्शक मानत नाही.

माझ्या मते मार्गदर्शक निवडावा तो एकदा तरी व्यवसाय बुडालेला. फ्रेडी लेकर यांची स्वस्त विमानसेवा १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली होती, आणि ब्रॅन्सन यांनी सल्ला घेतला तो त्यांचाच. मोठ्या कंपन्यांशी जाहिरातीच्या खर्चात बरोबरी होणार नाही, तेव्हा स्वतःच पुढे होऊन प्रसिद्धी मिळवावी, हे त्यांना लेकर यांनी सांगितले. ब्रॅन्सन यांच्या बोटींच्या आणि बलूनच्या मोहिमांकडे मी आता त्या दृष्टीनेही पाहते.

तुम्ही घाबरून नोकरीला चिकटून राहावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. दुकान गेले तरी घाणा माझ्याकडेच राहिला आणि रोजचे गिऱ्हाईकही फोन करत राहिले. मागच्या वर्षी मी लहान जागा घेतली. करारावर सही करण्याआधी लॉक-इन सहा महिन्यांचा आणि दोघांवर सारखा असावा, एवढेच मी मागितले. नव्या मालकांनी पेन घेऊन तो आकडा तिथल्या तिथे बदलला. त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत.